सॅम्युअलच्या आईचं माहेर

भिशीतल्या बायकांनी माझ्या सासूबाईंना विचारलं, "सूनबाई काय काम करते हो तिकडे?" सासूबाईंनी नितीनना फोन करून विचारलं, आणि नितीन तेव्हा ट्राममध्ये चढत होते, घाईत होते, ते म्हणाले, "मेलेली माणसं शोधते." आणि फोन ठेवला. झालं! सासूबाईंनी त्याच दिवशी देवाला नारळ ठेवला आणि मला म्हणाल्या, "अगं, पैसे नसतील पुरत तर सांग, पण स्मशानातलं काम नको गं बाई, पदरात लहान पोर आहे."

तर आधी तेच सांगते, नाहीतर आपल्या मराठी मंडळाचा हा अंक वाचून तुम्हीसुद्धा नारळ ठेवाल. इथे डीमन गावात आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर मार्गारेट नावाच्या एक म्हाताऱ्या बाई राहतात. मूळच्या इंग्लंडच्या, लग्न डच माणसाशी झालं, ते गेले, त्या इथेच राहिल्या. मार्गारेटबाई लोकांचे पूर्वज शोधून देतात. इंग्लंडमधल्या खेडेगावच्या चर्चमधली जुनी रजिस्टरं असतात, त्यातून. आणि मी त्यांचे डोळे आहे. म्हणजे खरंच. त्यांच्या डोळ्यांना असा काही आजार झालाय की कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर माणूस उभा असला तर त्याचे खांदे दिसतात, तोंड नाही. त्यामुळे मी वाचते आणि त्या ऐकतात.

आता मी कोण, तर बारावीला इंग्रजीत राहिलेली मुलगी. परत बसले नाही, लग्न झालं, आणि नितीनच्या मागे व्हिसावर इकडे आले, ईरा इथेच झाली. मला सगळ्याची भीती वाटायची. दाराची बेल वाजली की मी ईराला उचलून आतल्या खोलीत जायचे. फोन वाजला आणि नंबर ओळखीचा नसला तर उशीखाली ठेवायचे. सायकलींची तर इतकी भीती की रस्ता ओलांडायला कुणीतरी सोबत येईपर्यंत उभी राहायचे. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या डॉक्टरांकडे जायचं असलं की आदल्या दिवशीपासून वाक्यं पाठ करायचे, आणि डॉक्टरांनी मी पाठ केलेलंच विचारलं नाही की संपलं!

ओळख झाली लिफ्टमध्ये. लिफ्टमध्ये एक कागद चिकटवलेला, डचमध्ये, आणि ही उंच म्हातारी बाई माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "हे जरा वाचून दाखव." मला डच येत नाही हे सांगायलासुद्धा वाक्य सुचेना, म्हणून मी नुसती अक्षरं वाचायला लागले. डी, ई, मग मोकळी जागा, मग एल, आय, एफ, टी... अख्खा कागद वाचला असा. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. आमचा मजला आला, दार उघडलं, बंद झालं, मी वाचतच होते. संपल्यावर म्हणाल्या, "मंगळवारी लिफ्ट बंद राहणार आहे. तुला कळलं का?"

मी म्हटलं, "नाही."

"एक अक्षरसुद्धा?"

"अक्षरं कळली. बाकी नाही."

त्या इतक्या खूश झाल्या, म्हणाल्या, "आत्तापर्यंत तीन जणींना ठेवलं मी. सगळ्या शिकलेल्या, सगळ्या अर्धं वाचायच्या आणि अर्धं मनाचं घालायच्या. तू उद्या चहाला ये. बाळाला घेऊन ये."

मी गेले नाही. भीती वाटली. तर त्याच खाली आल्या, बेल वाजवली, मी आतल्या खोलीत, आणि ईरा ओरडली, "कैक, मम्मा, कैक!" म्हणजे बघ. ती पाळणाघरात दोनच दिवस जाते पण बोलते तिथलंच. मग उघडावं लागलं.

काम कसं असतं ते सांगते. इंग्लंडमध्ये सरकारनं जन्ममृत्यू लिहायला सुरुवात केली त्याच्या आधी ते काम गावचा पाद्री करायचा. पोराचा बाप्तिस्मा झाला की एक ओळ, लग्न लागलं की एक ओळ, माणूस पुरला की एक ओळ. एवढंच. एका माणसाच्या अख्ख्या आयुष्याच्या तीन ओळी, त्यासुद्धा पाद्र्याला लिहायचा कंटाळा आला नसला तर. त्या पानांचे फोटो काँप्युटरवर येतात. शाई उडालेली, कागद उंदरांनी खाल्लेला, आणि अक्षर तर असं की आमच्या तालुक्याचे डॉक्टर बरे. मार्गारेटबाई त्या मेलेल्या पाद्र्यांना शिव्या देतात. "हा पुन्हा दारू पिऊन बसला होता, रूपा! ह्याला त्याच्याच बिशपनं फटके मारायला हवे होते!" मी म्हणते, "जाऊ द्या, थंडी असेल." मला त्या पाद्र्यांची दया येते, गार चर्चमध्ये बसून लिहायचं म्हणजे!

हाक मारायचा एक प्रश्नच होता. त्या म्हणाल्या, "मार्गारेट म्हण." एवढ्या मोठ्या बाईला नुसत्या नावानं कशी हाक मारणार? आजी म्हटलं तर त्यांना राग आला, म्हणे मी अजून कुणाची आजी नाही. मग मी हाकच मारत नाही. समोर जाऊन उभी राहते. त्यांना माझे खांदे दिसतात, मग त्या म्हणतात, "बोल रूपा."

गिऱ्हाईकं एकेक येतात. लायडनचे एक साहेब होते, मोठ्या कंपनीत शास्त्रज्ञ, त्यांना घरी कुणीतरी सांगितलं होतं की त्यांचा पूर्वज समुद्रावरचा लुटारू होता. आम्ही शोध शोध शोधलं, तर पाच पिढ्या सगळे गवतानं छप्पर शाकारणारे. साहेबांचं तोंड इतकंसं झालं. म्हणाले, "निदान एखादा तुरुंगात तरी?" मार्गारेटबाई म्हणाल्या, "एकाला डुक्कर मोकाट सोडल्याबद्दल दंड झाला होता." त्यावर ते जरा हसले. दुसऱ्या एक बाई रडायलाच लागल्या, कारण पणजीचं लग्न आणि तिचं पहिलं मूल ह्यात पाचच महिने. मार्गारेटबाई त्यांना म्हणाल्या, "अहो, पहिलं कधीही येतं, बाकीच्यांना मात्र नऊ महिने लागतात." मला ते कळायला जरा वेळ लागला आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन हसले.

पण मला सांगायचंय ते कॉरीबाईंचं.

कॉरीबाई ब्रेडाहून यायच्या. ऐंशीला टेकलेल्या, काठी घेऊन, ट्रेनने, आणि येताना स्वतःच्या झाडाची नासपती पिशवीभर. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू घाबरतेस का? मी चावत नाही." इथल्या लोकांचं असंच, मनात आलं की बोलून मोकळं. त्यांचे खापरपणजोबा इंग्लंडमधून आले होते. एका श्रीमंतांच्या घरी माळी म्हणून आले, इथलीच बायको केली, इथेच राहिले. त्यांचं इथलं सगळं कागदपत्र युद्धात कचेरीबरोबर जळालं. उरलेला फक्त थडग्याचा दगड, त्याच्यावर नाव, सॅम्युअल एलिस टक, वय, आणि खाली त्या इंग्लंडमधल्या जिल्ह्याचं नाव. गाव नाही. आईबाप नाहीत.

"माझे वडील म्हणायचे आपण कुठलेच नाही," कॉरीबाई म्हणाल्या. "शाळेत पोरं आम्हाला चिडवायची, टकची पोरं, टोपलीत सापडलेली. सॅम्युअलला कुणीतरी चर्चच्या दारात टाकून दिला होता असं सगळं गाव म्हणायचं. मला त्याचं गाव पाहिजे. मला तो बाप्तिस्म्याचा दगड पाहिजे."

म्हणजे तिकडच्या चर्चमध्ये दगडाचं एक मोठं कुंड असतं, त्यात पाणी घालून पोराचा बाप्तिस्मा करतात. चर्च कितीदा दुरुस्त होवो, कुंड तेच राहतं, शेकडो वर्षं. कॉरीबाईंना त्या कुंडात हात घालायचा होता. बस. आणि घाई होती, कारण त्यांच्या कमरेचं मोठं ऑपरेशन ठरलेलं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं की नंतर इतक्या लांबचा प्रवास जमेल ह्याचा भरवसा धरू नका. नात बरोबर जाणार होती, बोटीनं. जहाजाचं तिकीट काढून झालेलं. गाव तेवढं आम्ही द्यायचं.

मी शोधायला लागले आणि मला लवकर सापडलं. इतकं लवकर की मला स्वतःचाच अभिमान वाटला. ऑल्डरबी नावाचं गाव, आणि तिथं स्पष्ट अक्षरात, सॅम्युअल, मुलगा एलिस टक आणि मेरी ह्यांचा. मी ओरडलेच. मार्गारेटबाईंना म्हटलं, "मिळाला! बापाचं नावपण बरोबर आहे." त्या म्हणाल्या, "बापाचं नाव बरोबर? छान." आणि त्यांनी कॉरीबाईंना फोन केला, कॉरीबाईंनी ऑल्डरबीत राहायची खोली घेतली, तिथल्या पाद्रीणबाईंना पत्र लिहिलं, आता तिकडे पाद्री बायकासुद्धा असतात, आणि ब्रेडातल्या सगळ्या नातेवाइकांना कळवलं.

एकच राहिलं होतं. मार्गारेटबाईंचा नियम आहे, कुणी जन्मलेला सापडला की तो लहानपणीच गेला नाही ना ते बघायचं. पुरलेल्यांची पानं वाचायची. आणि मला ती पानं वाचवत नाहीत. मांडीवर ईरा बसलेली असते, आणि त्या पानांवर नुसती लहान मुलं. वय एक महिना, वय तीन आठवडे, वय दोन वर्षं, एकाखाली एक, एका हिवाळ्यात एकाच घरातली तीन. मी उद्या उद्या करत राहिले. मग एका सकाळी त्या म्हणाल्या, "रूपा, आज ऑल्डरबीची पुरलेली पानं. चहा मग घेऊ."

मी वाचायला घेतलं. आणि तिसऱ्याच पानावर होता. सॅम्युअल टक, एलिस आणि मेरीचा, तान्हा.

मी वाचायची थांबले. ईरा माझ्या बांगड्यांशी खेळत होती. मार्गारेटबाईंनी काही न विचारताच ओळखलं. म्हणाल्या, "तो गेला?"

"हो."

"म्हणजे तो आपला नव्हे."

कॉरीबाई पुढच्या शुक्रवारी निघणार होत्या.

मला वाटलं त्या आता ओरडतील. पण त्या उठून चहा करून आल्या, त्यांचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी, आणि मला शांतपणे विचारलं, "तू पहिल्यांदाच एलिस टक का शोधत गेलीस? बापाचं नाव एलिस आहे हे कुठे लिहिलं होतं?"

मला प्रश्नच कळेना. मी म्हटलं, "थडग्यावर. सॅम्युअल एलिस टक. सॅम्युअल हा मुलगा, एलिस बाप, टक आडनाव."

"कोण म्हणालं मधे बाप असतो?"

"मधे बापच असतो!" मी म्हटलं. "दुसरं कोण असणार? माझ्या मुलीचं नाव ईरा नितीन जगदाळे. माझं लग्नाच्या आधी रूपाली दत्तात्रय शेडगे. मधे बाप, लग्न झालं की नवरा. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, सगळीकडे."

मार्गारेटबाईंना हसू यायला लागलं, ते थांबेचना, डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाल्या, "आणि मी समजले तू ते कुठेतरी वाचलंस! तू मनाचं काही घालत नाहीस म्हणून तर तुला ठेवलं!" मी रडवेली झाले. मग त्यांनी माझा हात धरला आणि सांगितलं की त्यांच्याकडे मधलं नाव कुणाचंही असतं. काकाचं, जमीनदाराचं, आवडलेल्या पाद्र्याचं. आणि पुष्कळ वेळा आईचं.

"आईचं नाव? मुलाला?"

"आईचं माहेरचं आडनाव. लग्नानंतर ते कुठेच राहात नाही ना. बाप्तिस्म्याच्या पानावर बापाचं पूर्ण नाव, आईचं नुसतंच पहिलं. मेरी, हॅना, सारा. ती कुठून आली काही कळत नाही. म्हणून कुणीकुणी ते मुलाच्या नावात मधे ठेवून द्यायच्या."

मला काहीतरी झालं ते ऐकून. मी म्हटलं, "म्हणजे एलिस हे सॅम्युअलच्या आईचं माहेर."

"असू शकतं. पण त्या जिल्ह्यात एलिस गावोगाव आहेत, रूपा. आणि टक आणि एलिस पिढ्यानपिढ्या एकमेकांत लग्नं करत आलेत, तो दुसरा एलिस टक त्यातूनच आला असणार. शुक्रवारपर्यंत कुठे शोधणार?"

मी खाली घरी आले. ईराला भरवायचं होतं, पोळ्या व्हायच्या होत्या, कणीक तिंबत असताना आईचा व्हिडिओ कॉल आला. आईला माझं तोंड बघून कळतं. "काय झालं गं? नितीनराव काही बोलले?"

"नाही गं. कामात चुकलं."

"खातेस का नीट? बघ कशी झालीस. मी तेव्हाच म्हणत होते, पहिलटकरणीनं माहेरी यावं. पहिलं बाळंतपण इथं झालं असतं तर सव्वा महिना अंथरुणातून उठू दिलं नसतं तुला. तिकडं काय, ती सायकलवरची नर्स आठ दिवस आली आणि गेली."

हे आई दर आठवड्याला म्हणते. ईरा दोन वर्षांची झाली तरी म्हणते. मी नेहमीसारखं हं हं करत होते आणि एकदम हात थांबला.

"आई, पहिलं माहेरी. आणि बाकीची?"

"बाकीची काय, सासरी. कुठं सारखं सारखं यायचं पोरं टाकून?"

मी पिठाच्या हातानं ईराला उचललं आणि वर पळाले. लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही. आई फोनवर तशीच, ओट्यावर, छताकडे बघत.

कारण काय, तर ऑल्डरबीचीच पानं वाचताना मी आणखी एक टक घर वाचलं होतं. रॉबर्ट टक आणि हॅना. त्यांची पाच मुलं होती, ओळीनं, पण त्यात सॅम्युअल नव्हता, म्हणून मी सोडून दिलं होतं. आणि बापाचं नाव रॉबर्ट, एलिस नाही, म्हणूनसुद्धा. आणि त्या रॉबर्ट-हॅनाचं लग्न ऑल्डरबीच्या रजिस्टरात कुठेच नव्हतं. मी समोर जाऊन उभी राहिले, धापा टाकत, मार्गारेटबाई म्हणाल्या, "बोल रूपा," आणि मी मराठी इंग्रजी सगळं एकत्र करून म्हटलं, "लग्न मुलीच्या गावात लागलं. पहिलं बाळंतपण मुलीच्या आईकडे झालं. बाकीची सासरी. सॅम्युअल पहिला आहे. म्हणून तो ह्या पानांवर नाही!"

त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही मुली जायच्या. माझी आईसुद्धा गेली होती. माझ्या लक्षात यायला हवं होतं." आणि लगेच, "बस. कडेची गावं काढ. मुलगा रविवारी चालत जाऊन मुलगी बघून परत येईल एवढ्या लांबची."

ते दोन दिवस कसे गेले मला माहीत नाही. नितीननी एक दिवस घरून काम केलं, ईराला सांभाळलं, जाता-येता विचारायचे, "काय गं, सापडले का कुणाचे बापजादे?" मी म्हणायचे, "बाप नाही, आई शोधतोय." गावामागून गाव. मी वाचते, त्या ऐकतात, "पुढचं. पुढचं." आणि लॅम्बरी नावाच्या एका बारक्या गावात, लग्नाच्या पानावर, रॉबर्ट टक, राहणार ऑल्डरबी, आणि हॅना एलिस, राहणार ह्याच गावची. सहीच्या जागी दोघांच्याही फुल्या. लिहिता येत नव्हतं बिचाऱ्यांना. हॅनाची फुली जरा वाकडी, शाईचा ठिपका पडलेला. माझ्या आजीचा अंगठा असाच पसरायचा.

आणि पुढच्या वर्षी, त्याच चर्चमध्ये, बाप्तिस्मा. सॅम्युअल एलिस, मुलगा रॉबर्ट आणि हॅना टक ह्यांचा, राहणार ऑल्डरबी. पाद्र्यानं बापाचं गावसुद्धा लिहून ठेवलं होतं. मार्गारेटबाई म्हणाल्या, "देव ह्या पाद्र्याचं भलं करो." पहिल्यांदाच त्यांनी कुठल्या पाद्र्याला शिवी दिली नाही.

मग त्या काही म्हणायच्या आत मीच म्हटलं, "पुरलेली पानं." लॅम्बरीची वाचली, ऑल्डरबीची पुन्हा वाचली, एकेक ओळ, मोठ्यानं, ईराला मांडीवर घट्ट धरून. पुष्कळ मुलं होती. प्रत्येकाचं नाव मी नीट वाचलं, घाई केली नाही. सॅम्युअल एलिस त्यात नव्हता. तो जगला. मोठा झाला, बोटीत बसला, इकडे आला आणि फुलझाडं लावली.

"आता कॉरीला फोन कर," मार्गारेटबाई म्हणाल्या.

"मी?"

"मला नंबर दिसत नाही." खोटं बोलत होत्या, तो नंबर त्यांना पाठ होता.

मी फोन केला. कॉरीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या पद्धतीनं म्हणाल्या, "म्हणजे आधी तुम्ही मला चुकीचा मुलगा दिलात."

"हो."

"आणि आता?"

"आता बरोबर आहे. मी पुरलेली पानं सगळी वाचली."

"मग मी जाऊ कुठं?"

"राहा ऑल्डरबीलाच. ते त्याच्या बापाचं गाव, तिथं त्याच्या भावंडांचा बाप्तिस्मा झाला. पण त्याचं कुंड शेजारच्या गावात आहे, लॅम्बरीला. ते त्याचं आजोळ." आजोळला इंग्रजीत काय म्हणतात मला आलं नाही, मी म्हटलं, आईच्या आईचं घर. "त्याची आई बाळंतपणाला आपल्या आईकडे गेली होती. त्याला कुणी दारात टाकला नव्हता. त्याची वाट बघत होते तिथं सगळे."

पलीकडून कॉरीबाई नाक ओढून म्हणाल्या, "हे माझ्या वडिलांना कुणीतरी सांगायला पाहिजे होतं." आणि लगेच, "नासपती संपली का? आल्यावर आणते."

मार्गारेटबाई मला म्हणाल्या तूही जा की त्यांच्याबरोबर, एक रात्र तर बोटीचा प्रवास. त्यांना वाटतं मी कुठेही जाऊ शकते. पण आपल्या पासपोर्टवर इंग्लंडला जायला वेगळा व्हिसा लागतो हे तुम्हाला माहीतच आहे, तो काय शुक्रवारपर्यंत मिळतोय? ज्या गावाची पानं मी पाठ म्हणून दाखवीन, कुणाच्या घरी किती पोरं, कोण कुठल्या सालच्या तापात गेलं, त्या गावात मला पाऊल ठेवता येत नाही. असू दे. कधीतरी जाईन. ईराला घेऊन.

रविवारी दुपारी आमची जेवणं चालली होती तेव्हा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. मी उचलला. कॉरीबाई होत्या, नातीच्या फोनवरून, चर्चमधूनच, आवाज घुमत होता. म्हणाल्या, "हात घातला. गार आहे. कडेला एक टवका उडालाय, तिथं बोट बरोबर बसतं. पाद्रीणबाई म्हणतात तो टवका फार जुना आहे." मग म्हणाल्या इथे दाराशी एक जाड वही ठेवलीय, जो येतो तो नाव लिहितो, आणि ह्या वह्या चर्च जपून ठेवतं, फेकत नाही. "मी माझं लिहिलं, सॅम्युअलच्या पणतवाची मुलगी म्हणून. नातीचं लिहिलं. मार्गारेटचं लिहिलं. आता तुझं. पूर्ण नाव सांग, पेन हातात आहे."

मी सवयीनं सुरुवात केली, "रूपाली नितीन..." आणि थांबले.

नितीन समोर बसून ईराला वरणभात भरवत होते. ईरा तोंड फिरवत होती.

"ऐकू येत नाही," कॉरीबाई ओरडल्या. "मधलं काय?"

"शेडगे," मी म्हटलं. "रूपाली शेडगे जगदाळे."

नितीनचा घास हातातच राहिला. "अगं, मला काढून टाकलंस होय?"

"तुम्ही आहात की शेवटी," मी म्हटलं. "जगदाळे कुणाचं आहे? पण पुढेमागे कुणी शोधत आलं तर त्याला माझ्या आईचं घर सापडायला नको?"

त्यांनी ईराकडे बघितलं. मग म्हणाले, "स्पेलिंग नीट सांग मग. इथले लोक काहीही लिहितात."

मी खिडकीपाशी गेले आणि सावकाश सांगायला लागले. एस, एच, ई, डी. तिकडून कॉरीबाई एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत होत्या, मनाचं काही घालत नव्हत्या, आणि मी इकडून हो म्हणत होते.